भिंतीने पोट काढलंय

आत्याने चाळीस वर्षं दगड घडवले. हात थकल्यावर छिन्नी खाली ठेवली, पण नजर काही थकली नाही. टेकडीवरचा बालेकिल्ला दाखवायला मी तिला घेऊन गेले, तर ती किल्ला बघण्याऐवजी दगडच बघत बसली.

"हा घडवणारा डावखुरा होता गं," एका कमानीपाशी ती म्हणाली. "छिन्नीच्या रेघा बघ, सगळ्या उलट्या."

दक्षिण बुरुजाखालचा जिना अरुंद होता, एका बाजूला दोन पुरुष उंचीची भिंत. चौथ्या पायरीवर आत्या थबकली. पायरीवर भिंतीच्या सांध्यांतल्या चुन्याची पांढरी भुकटी पडली होती. तिने ती बोटावर घेतली, मग मान वर करून भिंतीकडे बघितलं.

"ताजी आहे. भिंतीने पोट काढलंय, मधोमध फुगलीय. चल, खाली उतर."

खालून शाळेची सहल वर येत होती, पन्नासेक पोरं आणि दोन शिक्षिका. आत्या जिन्याच्या तोंडाशी हात आडवे करून उभी राहिली.

पहारेकरी धावत आला. "आजी, बाजूला व्हा. रस्ता अडवताय तुम्ही."

"अडवतेच आहे. तुझ्या साहेबाला बोलाव. तो येईपर्यंत एकही पोर वर जाणार नाही."

"रोज हजार माणसं जातात इथून!"

"रोज गेली असतील. आज नाही."

माझी मान शरमेने खाली गेली होती. लोक बघत होते, एकाने तर फोनही काढला. पण त्यातल्या एका बाईंनी आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गुपचूप रांग मागे घेतली.

साहेब आले ते कपाळाला आठ्या घालूनच. आत्या वाद घालत बसली नाही. तिने माझ्या ओढणीचा एक दोरा उसवला, त्याला घराची किल्ली बांधली आणि हात उंच करून दोरा वरच्या दगडाला टेकवला. किल्ली खाली लोंबकळली. मधल्या फुगवट्याला दोरा चिकटला आणि पायथ्याशी भिंतीपासून चांगला चार बोटं सुटून राहिला.

साहेबांनी वाकून पाहिलं. आठ्या गेल्या.

"जिना बंद करा," ते पहारेकऱ्याला म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

सहल मागच्या चढाने वर गेली. आम्हीही त्यांच्या मागोमाग गेलो. माथ्यावर वारा जोराचा होता. सगळं जुनं शहर पायाखाली पसरलेलं. आत्या तटाच्या दगडांवरून हात फिरवत होती.

"मघाशी मला लाज वाटली तुझी," मी कबूल केलं.

"वाटणारच. मीही पहिल्यांदा असं काम अडवलं तेव्हा घाबरले होते. पण दगड खोटं बोलत नाही, मग आपण कशाला घाबरायचं?"

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला. दगड उतरवल्यावर आतली माती वाहून गेलेली सापडली, माणूस उभा राहील एवढी पोकळी. नवी भिंत रचताना आत्याने समोर उभं राहावं, अशी त्यांची विनंती होती.

"येते," आत्या म्हणाली. "पण गवंडी मी निवडणार."