रडायला शिकवणारी बाई

"अगं माझ्या लेकींनोऽ, हे काय इपरीत झालं गंऽ!"

असा टाहो फोडत जिवनबाई मोहनसिंगच्या घरात शिरली आणि समोर जी पहिली बाई दिसली तिच्या गळ्यात पडली. ती निघाली बेबीबाई, मोहनसिंगची बायको. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मागं जमिनीवर पंधरा-वीस बाया ओढणीची टोकं डोळ्यांना लावून बसलेल्या. म्हणजे मयत साधंसुधं नव्हतं.

तांड्याची रीत अशी, की रडण्याचा आवाज कानावर आला की चुलीतला जाळ मागं ओढायचा, ओढणी तोंडावर घ्यायची आणि निघायचं. कोण गेलं हे विचारायचं नाही. विचारणं म्हणजे हिशेब करणं, की माणूस आपल्या रडण्याच्या लायकीचा आहे का. आधी गळ्यात पडायचं, सूर लावायचा. नाव रडता रडता कळतंच.

ते कळलं. "इक्रम गेला वं याडी, इक्रम!" बेबीबाई हुंदका देत म्हणाली.

याडी म्हणजे आई. तांड्यातली लहानथोर जिवनबाईला याडीच म्हणत. सत्तरीच्या याडीला आता तांड्यातला इक्रम आठवेना. असेल बेबीबाईच्या माहेरचा कुणी, असं धरून तिनं सुरात सूर मिसळला: "इक्रमाऽ, तुझ्या बैलाला आता पाणी कोण दाखवंल रंऽ! तुझ्या वाटणीची भाकर टोपल्यात वाळून जाईल रंऽ..."

"याडी," बसलेल्या बायांतून लखमा बोलली, "रड, पण खाली बसून रड. तुझ्या डोक्यानं काही दिसून न्हाई राहिलं."

जिवनबाईनं मागं वळून पाहिलं. भिंतीशी टेबलावर टीव्ही होता. त्यात एक तलम साडीवाली बाई पांढऱ्या चादरीवर पडून रडत होती आणि चादरीखाली इक्रम होता.

"त्याला बैल नव्हता याडी, मोटार होती," लखमा म्हणाली, आणि रडणाऱ्या बाया तोंडात ओढणी कोंबून हसू लागल्या.

ही गोष्ट नव्याण्णव सालच्या हिवाळ्यातली. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठचा तो तांडा चाळीस घरांचा. तिथली बोली बंजाऱ्यांची, गोरमाटी. इथं ती मराठीत ओतून घेतलीय, थोडीफार सांडली असेल. टीव्ही वसमतहून जीपच्या टपावर बसून आला, तेव्हा त्याला नवरदेवासारखं ओवाळून घेतलं होतं. वीज गेली की मोहनसिंग ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्याला जोडायचा. पेरणी थांबली तरी चालेल, मालिका थांबता कामा नये. त्या दिवशी इक्रमच्या दुःखात बारा घरी चूल पेटली नाही, असं सांगतात. बारा थोडे जास्त होतील, पण मोहनसिंग उपाशी झोपला हे नक्की, कारण ते त्यानंच सगळ्यांना सांगितलं.

जिवनबाई मात्र तशीच उठून घरी आली. चूक झाली याची तिला लाज वाटली नाही. चूक माणसाकडून होते. पण तिचा सूर, जो तिनं खोट्यासाठी उभ्या जन्मात लावला नव्हता, तो चादरीखालच्या कुण्या परक्या पोरासाठी खर्ची पडला, हे तिला लागलं. पुन्हा त्या डब्यासमोर बसायचं नाही, असं तिनं ठरवलं.

कारण रडणं हे जिवनबाईचं काम होतं. ती लग्न ठरलेल्या पोरींना रडायला शिकवायची. बंजारा नवरी सासरी निघताना नुसती मुसमुसत नाही. ती आईबापाच्या, भावाच्या, मैतरणींच्या गळ्यात पडून गाण्यात रडते. त्याला ढावलो म्हणतात. तो शिकावा लागतो. लग्नाआधी दोन महिने पोरगी रोज सांजच्याला जिवनबाईच्या ओसरीवर यायची. सूर सगळ्यांचा एकच, पण बोल जिचे तिचे. याडी पहिल्या दिवशी एकच विचारायची: "तुला काय सोडवत न्हाई, ते सांग." पोरगी एखादं वासरू सांगायची, भाऊ सांगायची, बापाचा खोकला सांगायची. याडी ते सुरात ओवून द्यायची. तिनं तयार केलेली पोरगी बैलावर उभी राहून रडायला लागली की सिद्धेश्वरच्या धरणाचं एक दार उघडावं लागायचं, असं जुने लोक म्हणतात. काही दोन म्हणतात. आपण एकच धरू.

अशा सव्वाशे पोरी तिनं सासरी लावल्या. स्वतःची एकही नव्हती. नवरा हिरासिंग केव्हाच गेलेला. मुलगा धनसिंग बायकोपोरांसकट पुण्याला, इमारतींच्या कामावर. ओसरीवर संध्याकाळी पोरी यायच्या, म्हणून ते घर घर वाटायचं.

टीव्ही आला आणि संध्याकाळी ओसरीवर फक्त संध्याकाळ यायला लागली.

त्याच माघात म्हातारा खेमा गेला. हा खराखुरा गेला; जिवनबाईनं त्याचा थंड हात हातात धरून पाहिला. तिनं सूर लावला आणि बाया येतील म्हणून दाराकडे पाहिलं. बाया आल्या, पण जाहिराती लागल्यावर आल्या. दारात उभ्या राहून दोन हुंदके दिले, ओढणी सावरली, आणि साबणाची जाहिरात संपायच्या आत परत. अंत्ययात्रा दुसऱ्या दिवशी निघाली, तेव्हा खेमाच्या सुनेनंच लखमाला विचारलं, "मग काल काय झालं वं पुढं?"

मोहनसिंगच्या मिनाचं लग्न वैशाखात धरलं होतं. होळी झाली तरी पोरगी ओसरीवर फिरकली नाही. जिवनबाई रोज गोधडी अंथरायची आणि रोज घडी घालायची. शेवटी तिनंच मोहनसिंगला कालव्यावर गाठलं.

"मोहनसिंग, पोरीला पाठव ना रं."

"कशाला याडी?"

"कशाला काय? ढावलो शिकायचा न्हाई का तिला?"

मोहनसिंग हसला. "आता कोण रडून राहिलं याडी लग्नात? वसमतचा शूटिंगवाला सांगितला मी. रडलेलं तोंड चित्रात बराबर येत न्हाई म्हणते तो."

"अन् वरातीतल्या बाया काय म्हणतील? पोरीला माहेर होतं का न्हाई, असं म्हणतील."

"म्हणू दे."

"तुझी बायको या तांड्यात आली तवा कशी रडली होती, याद हाय का?" जिवनबाईनं विचारलं. "तुझा बाप म्हणला, हिला परत नेऊन घाला, हिची तकलीफ मला पाहवत न्हाई."

मोहनसिंगनं मान खाली घातली. "पाठवतो," म्हणाला.

पाठवली, पण वीज गेली आणि बॅटरीही उतरली त्या दिवशी. मिना ओसरीवर येऊन बसली. सतरा-अठराची पोर. हातात मेंदीचा कोन, आणि कान आपल्या घराकडे.

"सांग बाई, तुला काय सोडवत न्हाई?"

मिनानं बराच विचार केला. मग खरं ते सांगितलं. "टीव्ही."

"आँ?"

"त्यांच्या तांड्यात न्हाई म्हणतेत याडी. लाईटच न्हाई तिकडं बराबर. पुढं इक्रमच्या बायकोचं दुसरं लगन होणार हाय, अन् मला कळणार बी न्हाई झालं का मोडलं."

"अगं, मायबापाचं सांग, भावाचं सांग..."

"ते काय, येतेत की भेटायला. इक्रमची बायको थोडीच येते!"

जिवनबाई चाळीस वर्षं सूर ओवत होती. तिनं बैल, बकऱ्या, तुटकी बाज, विहिरीची पायरी, सगळं ओवलं होतं. हे कसं ओवावं ते तिला सुचेना. ती सुचायची वाट बघत होती तोवर खांबावरचा दिवा लागला, आणि मिना चपला हातात घेऊन पळाली.

लग्नाच्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. शूटिंगवाला डोक्यावर झगझगीत दिवा धरायला एक गडी घेऊन आला होता. तो म्हणेल तिथं नवरी बसायची, म्हणेल तेव्हा घास तोंडात घालायची, आणि घास नीट दिसला नाही तर पुन्हा घालायची. मोहनसिंगनं दोन लाडू असे चार वेळा खाल्ले.

निरोपाची वेळ झाली. मिनाला बैलाजवळ आणलं. वरातीतल्या म्हाताऱ्या गोल करून उभ्या राहिल्या. आता सूर येईल म्हणून सगळे थांबले. मिना घुंगटाखाली गप्प. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "मुकी हाय का वं?"

बेबीबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं गर्दीत जिवनबाईला शोधलं. जिवनबाई पुढं आली, मिनाला मिठी मारली आणि स्वतःची ओढणी दोघींच्या डोक्यावरून ओढून घेतली. आत अंधार.

"याडी," मिना कुजबुजली, "मला काहीच आठवून न्हाई राहिलं."

"तू नुसते ओठ हालव," जिवनबाई म्हणाली. "मला आठवते."

आणि ओढणीतून सूर उठला. कान फाटलेली बकरी, जिला पहिली भाकर चोरून चारायची. कालव्यात वाहून गेलेली एक चप्पल, आणि दुसरी उराशी धरून तीन दिवस झोपलेली पोर. दुसरीत पाटी फुटली म्हणून याडीच्या फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, घेरात लपलेली, बाप शोधत आला तरी न हललेली. मिनाचं सगळं लहानपण मिनापाशी नव्हतं. ते शेजारच्या ओसरीवरून कुणीतरी पाहून ठेवलेलं होतं. दुसऱ्या कडव्याला मिनाचे ओठ हलायचे थांबले आणि ती खरी रडू लागली. बेबीबाई रडली. वरातीतल्या म्हाताऱ्या रडल्या. दिवा धरणारा गडी असा हलला की मांडवभर सावल्या हिंदकळल्या. धरणाच्या दाराचं माहीत नाही, पण मोहनसिंगला दोघांनी धरून बसवावं लागलं.

वरात गेल्यावर शूटिंगवाला मुद्दाम याडीपाशी आला. "आजी, पूर्ण आवाज आलाय बघा. अगदी शेवटपर्यंत."

"म्हंजी? ते राहील?"

"कॅसेट जपली तर तुमच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत राहील."

त्यानंतरचा महिना जिवनबाईनं कॅसेटची वाट पाहण्यात काढला. टीव्हीवरचा तिचा राग कुठं गेला कुणास ठाऊक. आपण मेल्यावर सूर कुणापाशी ठेवायचा, ही तिच्या उराशी बसलेली धोंड होती. पोरी शिकायला येत नाहीत तर न येऊ देत. तो डबा सूर सांभाळणार असेल, तर डब्याशी भांडून काय करायचं? तिनं लखमाला सांगितलंसुद्धा, "पोरींनी तिथून शिकावं. तिथलं बरं ध्यान देऊन ऐकतेत."

मिना पहिल्यांदा माहेरी आली त्याच आठवड्यात कॅसेट आली. बेबीबाईनं स्वतः निरोप पाठवला: "याडी, तुझा आवाज ऐकायला ये." जिवनबाईनं धुतलेली ओढणी घेतली, हातातलं पितळी कडं चिंचेनं घासलं आणि भर दुपारी मोहनसिंगच्या घरी गेली. वसमतहून भाड्यानं आणलेल्या यंत्रात कॅसेट घातली. ऊन येतं म्हणून खिडकीला गोणपाट लावलेलं, दार ओढून घेतलेलं. तिला पुढं, मिनाच्या शेजारी बसवलं. लग्नाला महिनाच झाला होता, पण मिना बरीच वाळलेली दिसत होती.

हळद झाली. चार वेळा खाल्लेले लाडू झाले. लोक आपापली तोंडं पाहून ओरडत होते. मग बैल आला. ओढणी दोघींवर आली. जिवनबाई सरसावून बसली.

ओढणी हलत होती, आणि वर सिनेमातलं गाणं चालू झालं. बासऱ्या, ढोलक, सनई. कोपऱ्यातून एक गुलाब फिरत आला आणि बैलाच्या शिंगापाशी फुलला.

"वा!" मोहनसिंग म्हणाला. "काय बसवलं बघा लेकानं! असं वाटते आपण सिनेमातच हाव."

"काहून वं," लखमा म्हणाली, "याडीचा आवाज कुठाय?"

"गाणं टाकलं का मागचा आवाज पुसला जाते," मोहनसिंग म्हणाला. "पण कसं झ्याक दिसून राहिलं!"

जिवनबाई टीव्हीतल्या हलत्या ओढणीकडं बघत राहिली. शेजारून मिना तिच्या कानाशी वाकली.

"याडी," ती हळूच म्हणाली, "तू त्या दिवशी काय काय म्हणली होतीस वं? तिकडं मी लई याद करते. बकरीचं याद हाय, पुढचं येतच न्हाई. रडाया गेलं का नुसतं गप बसावं लागते."

जिवनबाईनं तिचा हात हातात घेतला. तिच्या कानाशी तोंड नेऊन अगदी बारीक आवाजात सूर लावला. बकरीचं म्हटलं. मग कालव्याचं, वाहून गेलेल्या चपलेचं. मिनाच्या बोटांनी तिचा हात घट्ट धरला होता.

तेवढ्यात लग्न संपलं. कुणीतरी यंत्र बंद केलं आणि टीव्हीवर तीच मालिका उमटली, दुपारी पुन्हा दाखवायचे ती. इक्रमची बायको लाल शालू नेसून आरशासमोर बसली होती.

"झालं का हिचं लगन?" मिनानं विचारलं. बाया एकदम सांगू लागल्या. तिच्या डोळ्यांत ते निळं-लाल चित्र हलू लागलं, आणि हातातली बोटं एकेक करून सैल झाली.

जिवनबाई पाटीचं कडवं म्हणत होती. ते तिनं मध्येच सोडलं. थोडा वेळ वाट पाहिली. मिनानं पुढचं विचारलं नाही.

मग ती कुणाच्या आड न येता, भिंतीच्या कडेकडेनं वाकून दारापाशी गेली. बाहेर ऊन तापलं होतं. तिनं पाठीमागं दार नीट ओढून घेतलं, फट राहिली का ते हातानं चाचपून पाहिलं. आत ऊन शिरलं की चित्र फिकं दिसतं, एवढं आता तिलाही कळत होतं.