चादरींखालचे पाय

लाँड्रीच्या मागच्या आवारात दोऱ्यांवर चादरी वाळत. वारा पडला की त्या भिंतीसारख्या उभ्या राहत, आणि जमिनीपासून फक्त वीतभर फट उरे. थोरलीला वाटायचं, आपण अख्ख्या झाकलो गेलो.

अकरा वर्षं ती नि तिची धाकटी जाऊ एकाच चादरीची दोन टोकं धरून उभ्या होत्या. लाँड्री दवाखान्याच्या कपड्यांची. घडीच्या टेबलापाशी बायका जोडीजोडीनं काम करत. चार कोपरे धरायचे, झटका द्यायचा, फाट्कन आवाज करून चादर ताठ झाली की चालत एकमेकींकडे यायचं, कोपरे एकीच्या हातात द्यायचे, वाकून खालची घडी उचलायची, पुन्हा मागे सरायचं. दूर जायचं, जवळ यायचं. दिवसातून तीनशे वेळा दोघी जावा भेटत आणि तीनशे वेळा निरोप घेत. सकाळी घरी भाजीच्या मिठावरून तोंडातोंडी झालेली असली तरी चादरीला त्याचा पत्ता नसे.

मग थोरलीच्या कमरेत कळ शिरली. डाव्या कुल्ल्यातून निघायची आणि तापल्या तारेसारखी टाचेपर्यंत जायची. फोटो झाले, गोळ्या झाल्या, सुया झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, कापण्यासारखं काही नाही, हे आता सोबतीलाच राहणार. आणि तिला तळमजल्यावरच्या व्यायामाच्या बाईंकडे पाठवून दिलं.

"दुखतंय म्हणजे मोडतंय असं नाही," बाई म्हणाल्या. "भिऊन निजून राहिलात तर दुखणं तुमच्या उशाशी बिऱ्हाड करील. रोज चाला. बऱ्या दिवशी हावरटपणा नको, वाईट दिवशी शून्य नको. कामावर अर्धा तास बसा, अर्धा तास उभ्या राहा. वाकून ओढाओढ मात्र बंद."

हे सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं. मुकादमानं तो कागद लांब धरून वाचला, आणि घडीवरून काढून तिला तपासणीच्या टेबलाशी बसवलं. भोकं शोधायची, डाग शोधायचे, फाटकं बाजूला काढायचं. तिथे एक लाकडी खुर्ची होती. तिचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी.

"तीन महिने," मुकादम म्हणाला. "मग बघू. मला खुर्ची सजवायची नाहीये."

त्या डुगडुगत्या खुर्चीवर थोरलीचं सगळं उभं होतं. खुर्ची गेली तर उरलेली जागा एकच होती, ओल्या कपड्यांच्या ट्रॉलीची. मशिनातून पिळून निघालेले चादरींचे जड गोळे वाकून उपसायचे, ट्रॉलीत टाकायचे, आवारापर्यंत ढकलत न्यायचे. चांगल्या धडधाकट बाया तिथे वर्षात वाकत.

दुपारच्या सुट्टीत ती दोऱ्यांच्या मधल्या बोळात शिरू लागली. खुर्चीवाली बाई चालताना दिसली तर लोक काय म्हणतील, म्हणून चादरींच्या आडून. पहिल्या आठवड्यात चार फेऱ्या. दात आवळून, आणि दात आवळले की श्वास अडकतो म्हणून गाणं म्हणत. लहानपणापासून तिचं असंच होतं, काम हाताला आलं की तोंडाला ओळ यायची.

टाक बाई पाऊल, हळूच टाक,
दुखणं दाराशी देईल हाक.
ये म्हणू नको, जा म्हणू नको,
त्याच्यापायी तू थांबू नको.

चाराच्या सहा झाल्या, सहाच्या दहा. एखाद्या दिवशी कळ अशी उसळायची की दोरीचा खांब धरून उभं राहावं लागे. त्या दिवशी दोन फेऱ्या, पण शून्य नाही. डाव्या पायाला ती लेकरासारखं समजावी. पुरं टेक रे बाबा, अर्धं टेकून पळू नकोस. दुसरा महिना सरता सरता डावा पाय ऐकू लागला. वीस फेऱ्या झाल्या त्या दिवशी तिनं एका ओल्या चादरीत तोंड खुपसलं आणि साबणाच्या वासात हसून घेतलं.

आवाराच्या पायऱ्यांवर बायका डबे खात बसत. त्यांना चादरी दिसत, आणि चादरींखाली वीतभर पाय.

"आली बघा," तुरटी म्हणायची. तिचं खरं नाव कुणी घेत नसे. कुठलंही पाणी ती दोन मिनिटांत नितळ करून तळाचा गाळ दाखवायची, म्हणून तुरटी. "उजवा पुरा, डावा अर्धा. उजवा पुरा, डावा अर्धा. डोळे मिटून सांगते, थोरलीच."

पुढे पुढे ती फेऱ्या मोजू लागली. मग सगळ्याच मोजू लागल्या. डब्याबरोबर तोंडी लावायला बरं.

"बारा. काय गं धाकटे, तुझ्या जावेचा डावासुद्धा आता पुरा पडतोय."

"पडू दे की."

"आणि गातेय वर! आम्हाला दाढ दुखली तरी घरातलं कुणी जवळ फिरकत नाही, हिची कंबर गाणी म्हणते."

धाकटी डब्यात बोट फिरवत राहायची. तिचा उजवा खांदा ठणकत असे. थोरली घडीवरून गेल्यापासून तिच्या चादरीचं दुसरं टोक इस्त्रीवरून आलेल्या एका दांडग्या बाईच्या हातात होतं. ती झटका द्यायची तो बैल आवरल्यासारखा. जवळ यायची नाही, उभ्या जागेवरून हिसडायची. धाकटीनं दोनदा सांगितलं, तर म्हणाली, "मग तूही माग की खुर्ची."

एके दिवशी अठरावी फेरी चालू असताना धाकटी उठली, हात धुतले आणि मुकादमाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"साहेब, जरा बाहेर येता? मी काही बोलत नाही. तुम्ही नुसतं बघा."

मुकादम पायरीवर आला. चादरींखालून दोन पाय येत होते, जात होते, टपटप, एका तालात. वर गाणं चालू होतं. तो दोन फेऱ्या होईपर्यंत उभा राहिला. मग एक चादर पडद्यासारखी बाजूला केली.

"वा," तो म्हणाला. "सर्कशीत जायचं का?"

थोरलीनं घाम पुसला. "साहेब, चालायला सांगितलंय. तुम्हाला दिलेल्या कागदावरच आहे."

"आहे ना. रोज चालावं, असंच लिहिलंय. मग ट्रॉली काय उडत जाते? तीही चालतच न्यायची असते. तिकडे चाल. फुकटचा व्यायाम."

"वाकून ओढलं की कळ येते, साहेब. नुसतं चाललं की कमी होते. चालते म्हणून तर मी खुर्चीवर तरी बसू शकते."

"एक काहीतरी सांग. दुखतंय की नाही?"

"दुखतंय."

"आत्ता?"

थोरली खोटं बोलायला शिकली नव्हती. "आत्ता... थोडं."

पायऱ्यांवर खसखस पिकली. मुकादमाला लोकांसमोर न्याय करायची हौस होती. तो म्हणाला, "उद्या सकाळी कामाआधी सगळ्यांसमोर चालून दाखव. गेटापासून तपासणीच्या टेबलापर्यंत. लंगडलीस तर खुर्ची कायमची तुझी, माझा शब्द. नाही लंगडलीस तर ट्रॉली."

दुसऱ्या दिवशी थोरलीला जाग आली ती एका चमत्कारिक शांततेत. कंबर गप्प होती. कुल्ला गप्प, टाच गप्प. दोन वर्षांत अशी सकाळ उगवली नव्हती. ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं दुखण्याला हाक मारली. ये. आजच्या दिवस ये. मुद्दाम वाकून पाण्याची बादली उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. कळ कुठेतरी माहेरपणाला गेली होती.

"काय करतेस गं?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही. शोधतेय."

गेटाशी बायका दोन रांगा करून उभ्या होत्या, वरात यायची असल्यासारख्या. मुकादम टेबलाशी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. थोरली निघाली. लंगडायचं, तिनं स्वतःला बजावलं. तिनं डाव्या पायाला सांगितलं, अर्धा टेक. पण त्याला दोन महिने तिनंच शिकवलं होतं, पुरा टेक. तो आता आज्ञाधारक झाला होता. तो पुरा टेकला. दुसऱ्या पावलाला पुरा, तिसऱ्याला पुरा. खुर्ची जवळ येऊ लागली, आणि घाबरून तिनं जो पाय हाताशी सापडला तो ओढायला घेतला. ती लंगडू लागली. चांगली ठसठशीत लंगडली. तोंड वाकडं केलं, हात कमरेवर ठेवला.

मग तुरटीचा आवाज आला, "अगं बाई! पाय चुकला!"

दोन महिने वीतभर फटीतून त्या बायकांनी तिचे पाय पाहिले होते. त्यांना तिचं लंगडणं तिच्यापेक्षा पाठ होतं. थोरली थांबली, खाली पाहिलं, उजवा पाय मागे ओढलेला पाहिला, आणि तिच्या कानापर्यंत रक्त चढलं. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या. इस्त्रीवालीला तर ठसका लागला. मुकादमानं खुर्ची उचलली आणि भिंतीशी नेऊन उलटी ठेवली.

"लंगडायलासुद्धा येत नाही हिला," तो म्हणाला.

धाकटीही हसली. तिनं हात तोंडावर नेला, पण उशीर झाला होता. थोरलीनं पाहिलं होतं.

ट्रॉली पोटाशी धरून ढकलायची, तेव्हा कंबर पुढे आणि पाय मागे राहत. चाकात सुतं अडकत. पहिल्या आठवड्यात थोरलीनं सुट्टीत वीस फेऱ्या केल्या, हट्टानं. दुसऱ्या आठवड्यात बारा. मग कळ आली ती पाहुणी म्हणून नाही, घरमालकीण म्हणून आली. तिनं व्यायामाच्या बाईंकडून दुसरा कागद आणला. मुकादमानं तो पहिल्या कागदात घालून दोन्हींची घडी केली आणि परत दिली. "एकदा झालंय ना नाटक तुझं."

एका संध्याकाळी घरी धाकटीनं गरम पाण्याची पिशवी भरून तिच्या कमरेखाली सरकवली. भाजी चुलीवर होती, पुरुष अजून यायचे होते.

"वहिनी, साहेबांना मीच बोलावलं होतं."

"माहीत आहे."

"माझा खांदा गेलाय. मला वाटलं, तुमची खुर्ची काढली की तुम्हाला परत माझ्या टोकाला उभं करतील. ट्रॉलीवर टाकतील असं नव्हतं वाटलं."

थोरली छताकडे बघत होती. "मग जाऊन सांग त्यांना. आता खरंच दुखतंय म्हणून सांग."

धाकटीनं पिशवीचं बूच उगाच घट्ट केलं. "मी सांगून कोण मानणार? म्हणतील, जावाजावांनी घरी ठरवलं." मग ती हळूच म्हणाली, "आणि मलाच ट्रॉलीवर टाकतील."

थोरलीनं पिशवी काढून तिच्या हातात दिली. "खांद्याला लाव," ती म्हणाली. "गार व्हायच्या आत."

चौथ्या आठवड्यात ओल्या चादरींचा गोळा उपसताना कमरेत काहीतरी कडकडलं. तारेला जाळ लागला. थोरलीनं ट्रॉलीचा दांडा धरला, श्वास सोडला, आणि ट्रॉली ढकलत घडीच्या टेबलांमधून निघाली. उजवा पुरा, डावा अर्धा. उजवा पुरा, डावा अर्धाही नाही, नुसता बोटांवर.

झटके देणारे हात थांबले.

"शाब्बास!" तुरटी ओरडली. "आज बरोबर पाय धरलास गं!"

टाळ्या पडल्या. एकीनं शिट्टी घातली. इस्त्रीवाली म्हणाली, "महिनाभर तालीम केलीय बाईनं." मुकादमानं काचेतून मान वर करून पाहिलं, हसला आणि पुन्हा खाली घातली. धाकटीच्या हातात चादरीचे दोन कोपरे होते, म्हणून तिला टाळी वाजवता आली नाही, आणि दुसरंही काही करता आलं नाही.

थोरलीनं ट्रॉली आवारात रिकामी केली. एकेक चादर झटकून दोरीवर घातली, प्रत्येक झटक्याला डोळ्यांपुढे पांढरं होत होतं. तोवर सुट्टीची घंटा झाली. बायका डबे घेऊन पायऱ्यांवर आल्या. थोरलीनं दोरीचा खांब धरला, सोडला आणि बोळात शिरली.

गाणं नव्हतं. ओठ हलत असतील तर चादरींना ठाऊक.

"एक," पायऱ्यांवरून तुरटी म्हणाली. "दोन." मग बऱ्याच वेळानं, "तीन." तोंडात घास होता, तो गिळून ती वाट बघत राहिली. चादरींखाली दोन पाय थांबले होते, डावा बोटांवर. मग ते निघाले. टोकापर्यंत गेले, वळले, आले.

"चार. पुढे?"

चादरीआडून उत्तर आलं, "आज चारच."