भरल्या गालांची उर्वशी

गोंदियाजवळच्या गोरेगावात नत्थूलाल कटरे संशयासाठी इतके प्रसिद्ध होते की दूधवाला माप त्यांच्याच हातात देऊन मोकळा होई. या स्वभावापायी त्यांनी मुलाची, खुमेंद्रची, तीन स्थळं मोडली होती. एका घरचा चहा फार गोड लागला, म्हणजे नक्की काहीतरी झाकताहेत! पत्नी राजकुमारी कपाळावर हात मारून घेई. पोराने तिशी ओलांडली, तेव्हा मात्र नत्थूलालांनाच धास्ती पडली. आता पोरगा बिनलग्नाचा राहतो की काय?

खुमेंद्र एका राइस मिलचे हिशेब घरी बसून लॅपटॉपवर करायचा. अक्षरं बारीक दिसतात म्हणून त्याने गोंदियाहून रुंद मॉनिटर आणून जोडला, आणि लॅपटॉपचं झाकण कायमचं मिटवलं. मॉनिटर गुणी निघाला. पण लॅपटॉपवर नवी विंडोज चढली आणि मॉनिटरला काय बाधा झाली कोण जाणे! घडीत काळा पडे, घडीत थरथरे. खुमेंद्रने केबल काढून फुंकर मारली, दुसरी केबल आणली, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. फरक शून्य.

"दुकानदारानं जुना माल पुसून देल्ला," नत्थूलाल म्हणाले. "मी तवाच बोललो होतो."

"माल चांगला आहे, बाबा. नव्या विंडोजले हा मॉनिटर ओळखूच नाई येऊन राहिला."

शेवटी सेटिंगमध्ये जाऊन चित्राचं माप पार खाली आणलं, तेव्हा थरथर थांबली. सगळं जरा आडवं पसरलेलं दिसे. पण हिशेबातला आठ आडवा पसरला तरी आठच राहतो, म्हणून खुमेंद्रने ते तसंच चालू दिलं. बाकीच्यांना तर त्यात काही वावगं वाटलंच नाही. घरच्या टीव्हीवरही सगळी माणसं अशीच चपटी दिसत.

अशात जवळच्या बिरसी गावच्या केशोराव बिसेनांनी मुलीचा फोटो ईमेलने पाठवला. मॉनिटरवर उर्वशी उघडली. भरले गाल, रुंद खांदे, हनुवटीवर तीळ.

"खात्यापित्या घरची दिसते," राजकुमारी म्हणाली.

नत्थूलालांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि चक्क मान डोलावली. खुमेंद्र हिशेब सोडून तो फोटो पुन्हा पुन्हा उघडू लागला.

बिरसीला मुलगी पाहायला गेले, तर पोह्यांच्या बशा घेऊन आली ती उंच, सडपातळ मुलगी. गाल बसके, खांदे अरुंद. नत्थूलालांच्या घशात पोहे अडकले. तीळ होता, पण तीळ काय, काजळाचाही काढता येतो!

"केशोरावजी, फोटोतली पोरगी कुठं लपवली?" त्यांनी मुलीच्या देखत विचारलं.

"मले एकच पोरगी आहे."

"मंग फोटो कोनाचा पाठवला?"

उर्वशीच्या हातातली बशी थांबली. खुमेंद्र खाली मान घालून बसला होता.

केशोराव अब्रूदार माणूस. पाव्हणे उठले तसे तेही मोटरसायकल काढून मागोमाग गोरेगावात आले. "दाखवा तो फोटो!"

खुमेंद्रने दाखवला. केशोरावांचे डोळे विस्फारले. "हे माही पोरगीच नाई! कोनाचा फोटो लावून माह्या पोरीले नाव ठेवून राहिले तुमी?"

आता संशय घेणारे दोघे झाले, आणि दोघेही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येईल असं बोलू लागले. त्या गोंधळात खुमेंद्रला एकदम काहीतरी सुचलं. त्याने लॅपटॉपचं मिटलेलं झाकण उघडलं. तोच फोटो तिथेही होता. तीच साडी, तोच तीळ. पण लॅपटॉपवर सडपातळ, मॉनिटरवर लठ्ठ.

राजकुमारीला हसू फुटलं.

"मॉनिटर आडवं ताणून दाखवून राहिला," खुमेंद्र पुटपुटला. त्याने कंपनीच्या साइटवरून मॉनिटरचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्याची ओळख करून देणारा प्रोग्राम, उतरवला आणि चित्राचं माप वाढवलं. पडदा काळा पडला. सगळे पडद्याकडे वाकले. मग उर्वशी परत आली, बिरसीला दिसली तशीच.

नत्थूलालांच्या छातीवरचा धोंडा उतरला. "चुकलं आमचं, केशोरावजी. पोरगी पसंत आहे. अवो, साखर आना!"

केशोरावही निवळले. त्यांनी घरी फोन लावून स्पीकर चालू केला आणि झाला प्रकार हसतहसत सांगितला. पलीकडे कोणी हसलं नाही.

"त्याईले द्या," उर्वशी म्हणाली. केशोरावांनी फोन खुमेंद्रपुढे धरला. "तुमचा मॉनिटर बिघडला होता, हे तुमाले मालूम होतं ना?"

"हो," खुमेंद्र म्हणाला.

"मंग तुमचे बाबा मले नकली पोरगी म्हनत होते, तवा तुमी काऊन नाई बोलले?"

खुमेंद्रने ओठ चावला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"मले बी... तसंच वाटलं होतं."



"बाबा, घरी या," उर्वशी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

केशोरावांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि रामराम न करता ते पायऱ्या उतरले. नत्थूलाल त्यांच्यामागे पायरीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. तीन स्थळं त्यांनी मोडली होती. हे चौथं पोराने मोडलं, आणि तेही थेट बापावर जाऊन. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. राजकुमारी साखरेची वाटी घेऊन दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलंच नाही. मुलाकडे पाहिलं, आणि आत निघून गेली.