चिमणीचा खरा आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. सध्या एका संग्रहालयात काचेच्या पेटीत राहतो. माझ्या अंगावर वरून पिवळा दिवा सोडलेला आहे आणि खाली पाटी आहे, 'कृपया हात लावू नये'. लोक येतात, आवाज खाली करून बोलतात, फोटो काढतात. इतका मान आयुष्यात कधी मिळाला नव्हता. पण मित्रांनो, खरं सांगू का, या मानाला मी पार विटलोय.

माझा जन्म कारखान्यात झाला. शंभर भावंडं एका रांगेत तयार झालो, एकासारखा एक. माझ्यात विशेष असं काहीच नव्हतं. दुकानातून मला घेतलं ते एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने. तो स्वभावाने भला, पण त्याच्या हाताला चैन नसे. कुठलंही यंत्र दिसलं की कधी एकदा ते उघडतो असं त्याला व्हायचं. घरी नेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मलाही उघडलं.

त्याची एक मैत्रीण होती. कपडे शिवण्याच्या कारखान्यात ती दिवसभर शर्टांना कॉलर लावायची. अंगाने काडी, आवाज बारीक आणि बोलणं असं भरभर की समोरचा एक वाक्य समजून घेईपर्यंत हिची तीन झालेली असायची. सगळे तिला चिमणी म्हणत. ती गाणी करायची, आणि ती गाणी म्हणजे नुसता वात्रटपणा. घरमालकाच्या कुत्र्यावर गाणं, रजेच्या अर्जावर गाणं, तिच्या साहेबावर तर चारपाच. हा साहेब इतक्या मोठ्या कॉलरचे शर्ट घालायचा की त्याची मानच दिसायची नाही. त्याच्यावर तिचं गाणं होतं, 'साहेबांची कॉलर ताठ, मान कुठे गेली.' बंद पडलेल्या एका छापखान्याच्या तळघरात सुटीच्या दुपारी पंधरावीस माणसं जमायची. तिचा धाकटा भाऊ रिकाम्या डब्यावर ठेका धरायचा आणि ती ही ओळ म्हणायची. माणसं पोट धरून हसायची. मीही हसलो असतो, पण मला फक्त ऐकता येतं.

एका दुपारी रेडिओवाल्याने ठरवलं की ही गाणी टेप करायची. नेहमीच्या पद्धतीने करील तर तो कसला? फीत जितकी वेगाने पळेल तितका आवाज स्वच्छ उतरतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने माझ्या मोटारीचा स्क्रू पिळला आणि माझा वेग सव्वापट केला. मग चिमणी गायली, मी टेप केलं आणि लगेच माझ्यावरच वाजवून दाखवलं. अगदी ती. तोच बारीक आवाज, तीच घाई. चिमणी म्हणाली, "अगं बाई, मी इतकी किरकिरी आहे?" आणि स्वतःच हसत सुटली. त्या गडबडीत कुणाच्या तरी हातून टेप करायचं बटण दाबलं गेलं आणि ते हसणं गाण्यांवरच उतरलं. मग ती अख्खी टेप पुन्हा केली.

चूक झाली ती पुढे. मित्रांना टेप हवी होती, म्हणून तिच्या प्रती काढायला रेडिओवाल्याने ती एका ओळखीच्याला दिली. माझा स्क्रू पिळलेला आहे हे सांगायचं तो साफ विसरला. त्या माणसाचं यंत्र साधं, सरळ वेगाचं. त्यावर चिमणीची गाणी हळू आणि जड झाली. बारीक आवाज खोल गेला. बाई गातेय की पुरुष, तेही कळेना. वात्रट गाण्यांचा विलाप झाला.

आणि लोकांना तोच आवडला. प्रतीवरून प्रत निघत गेली. काळे शर्ट घालणारी तरुण मुलं बंद खोल्यांत, डोळे मिटून ती टेप ऐकू लागली. रेडिओवर कधी न लागलेलं, दुकानात न मिळणारं गाणं. ज्याच्याकडे टेप आहे तो आपला माणूस, असं त्यांचं असायचं. गर्दीत न मिसळणाऱ्या त्या मुलांबद्दल मला वाईट बोलवत नाही. त्यांनी जीव लावला होता. पण कशाला लावला होता? एकाने म्हणे 'मान कुठे गेली' या ओळीवर चौदा पानी लेख लिहिला. माणसाच्या हरवलेल्या स्वाभिमानाचा आक्रोश, असं काहीतरी. आमचा मोठ्या कॉलरवाला साहेब कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

हा लेख लिहिणारा दाढीवाला तरुण शेवटी शोधत शोधत चिमणीच्या घरी पोचला. तिला बघून त्याचे डोळे भरून आले. त्याने तिचा कार्यक्रम ठरवला. चिमणी हरखून गेली. कारखान्यातून तिने चार दिवस रजा काढली, भावाने नवा डबा आणला. सभागृह गच्च भरलं होतं. मी रंगमंचाच्या कडेला टेप करायला ठेवलेला, म्हणून सगळं ऐकलं. तिने पहिलं गाणं सुरू केलं आणि लोक एकमेकांकडे बघू लागले. दुसऱ्या गाण्याला मागून कुणीतरी म्हणालं, "ही नकली आहे."

चिमणी थांबली. म्हणाली, "अहो, तुमची टेप हळू चालते, त्याला मी काय करू?"

कुणी हसलं नाही. निम्मे उठून गेले. दाढीवाला पळत तिच्याजवळ आला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, जरा खालच्या पट्टीत घ्या ना, हळू. तुमच्यासारखं गा."

तिच्यासारखं गा, हे तिलाच सांगत होता. चिमणीने माझं बटण स्वतःच्या हाताने बंद केलं आणि घरी गेली. त्यानंतर ती गायली नाही. भाऊ डबा वाजवायला बसला की म्हणायची, "पुरे रे, डोकं उठतं." रेडिओवाला मला चिमणीकडे ठेवून दुसरीकडे कामाला गेला तो गेलाच. चिमणीने आणखी एकवीस वर्षं कॉलरी लावल्या आणि मग आजारपणात गेली. मी भावाच्या कपाटावर, जुन्या चादरींखाली पडून राहिलो. माझा आतला रबरी पट्टा सुकून तुटला. पण स्क्रू होता तिथेच होता आणि प्रती काढून परत आलेली ती मूळ टेप माझ्या पोटात होती.

ती गेल्यावर तिचं नाव आणखी मोठं झालं. दाढीवाला आता पांढऱ्या दाढीचा झाला होता. त्याने हे दालन उभं केलं आणि भावाकडे मला मागितलं. भाऊ म्हणाला, "देतो. पण एक अट आहे. उद्घाटनाला टेप याच्यावर वाजवायची. माझी बहीण कशी होती ते लोकांना एकदा कळू दे. एकदा हसू दे त्यांना." दाढीवाल्याने कबूल केलं.

पट्टा बदलायला एक कारागीर आला. माणूस कामाचा पक्का. त्याने मला पुसलं, तेल घातलं, नवा पट्टा चढवला. मग वेग तपासला आणि त्याला तो चुकीचा दिसला. त्याने स्क्रू फिरवून तो नियमाप्रमाणे बरोबर केला. मला ओरडता येत असतं तर मी छप्पर डोक्यावर घेतलं असतं.

उद्घाटनाच्या आधी भावाने माझं बटण दाबलं. माझ्यातून तो खोल, जड, परका आवाज आला. भावाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "ही माझी बहीण नाही. याच्यावर तरी ती होती."

कारागीर घाबरून म्हणाला, "काका, वेग चुकीचा होता, मी दुरुस्त केला."

"मग चुकीचाच करा परत."

कारागीर खिशातला स्क्रूड्रायव्हर काढतच होता. पण दाढीवाल्याने त्याचा हात धरला. त्याला सगळं कळलं होतं. चाळीस वर्षं आपण काय ऐकत आलो, तेही त्या क्षणी कळलं असणार. तो हळूच म्हणाला, "राहू द्या काका. लोक दारात उभे आहेत. त्यांना हाच आवाज माहीत आहे." मग त्याने माझ्यावर काच बसवायला सांगितलं. भावाने पुष्कळ विनवलं. शेवटी त्याला पहिल्या रांगेत बसवून शाल दिली.

त्यानंतर भाऊ दर आठवड्याला यायचा. दालनात वर लावलेल्या कर्ण्यांतून ती हळू गाणी सतत वाजत असतात. तो त्यांच्याकडे पाठ करून माझ्यासमोर उभा राहायचा आणि बोटांनी काचेवर ठेका धरून तिच्या चालीत, भरभर गुणगुणायचा. मी तेवढ्यासाठी आठवडा काढायचो. एकदा काळा शर्ट घातलेली एक मुलगी त्याच्याजवळ आली. अगदी आदराने म्हणाली, "काका, तुमची चाल चुकतेय. ते इतकं जलद नाहीये."

भावाने तिच्याकडे बघितलं. आता तो सांगेल, असं मला वाटलं. तो म्हणाला, "असेल बाळा. वय झालं, लक्षात राहत नाही."

मग तो घरी गेला. त्याला चार महिने झाले. तो आलेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा हे तुम्हाला सगळेच सांगतात. मला तर फारच जपलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की एखादी गोष्ट दुरुस्त करण्याआधी ती ज्याच्या घरात होती त्याला विचारा. आणि एखाद्याला जीव लावाल, तेव्हा तो माणूस खरा कसा बोलतो, कसा हसतो, ते त्याच्यासमोर बसून ऐका. चिमणीला तेवढंच हवं होतं. आता ती कशी गायची हे जपून ठेवलेले माझ्या माहितीत दोघेच उरलेत. एकाला बोलता येत नाही, आणि दुसऱ्याने बोलायचं सोडून दिलं आहे.