दोनवर शिफ्ट

मी तोंडाची फटकळ आहे हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे गोडगोड बोलून सुरुवात करायचा प्रश्नच नाही. माझ्या बापानं मला लहानपणी कम्प्युटरला हात लावू दिला नाही. ते चांदूर बाजारच्या शाळेत गणित शिकवायचे, उत्तमराव सर. कुठल्याशा सरकारी योजनेत शाळेला एक कम्प्युटर मिळाला आणि तो चालवणारा कोणीच नव्हता, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा तो घरी आणायचे. बाबा खाटेवर बसून प्रोग्राम तोंडी सांगायचे आणि माझा मोठा भाऊ गजेंद्र, म्हणजे आमचा गज्या, टाइप करायचा. मी दाराला टेकून बघत राहायची. जवळ सरकली की बाबा म्हणायचे, "वर्षे, तुये हात चिकट हायेत. तिकडं जाऊन खेळ."

माझे हात काही चिकट नव्हते. असो.

गज्या मोठा होऊन अमरावतीला इंजिनिअरिंगला गेला आणि तिसऱ्या वर्षाला असताना परतवाड्याहून येताना त्याची जीप उलटली. त्यानंतर बाबांनी कम्प्युटरचं नाव काढलं नाही. मशीनही पुढं भंगारात गेली म्हणे. मी शिकले, लग्न होऊन अकोल्याला आले, नवऱ्याचं फुलांचं दुकान, माझी एका दवाखान्याच्या ऑफिसात नोकरी. आई गेली तेव्हा बाबांना इकडं घेऊन आले. तेव्हाच त्यांचं डोकं विसरायला लागलं होतं.

डॉक्टरांनी आजाराचं मोठं नाव सांगितलं. मला एवढंच समजलं, की हा माणूस आता मागं मागं जाणार. आधी नातवंडं विसरले, मग जावई, मग मी. मला ते "बाई" म्हणायला लागले. "बाई, तुमी कोणाच्या?" मी सांगायची, बाबा, मी वर्षाली, तुमची पोरगी. तर हसून म्हणायचे, "आमची वर्षी लहान हाय." बाईच्या हातचं जेवायला त्यांना संकोच वाटायचा. दोन घास घ्यायचे आणि ताट सरकवून द्यायचे. वजन उतरत चाललं होतं.

भिंतीवर गज्याचा फोटो होता, दुकानातल्या ताज्या झेंडूचा हार घातलेला. बाबा त्याच्यासमोर उभे राहून विचारायचे, "याले हार काहून घातला?" पहिल्यांदा मी खरं सांगून बसले. लेकरू आजच गेलं असं रडले ते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. रोज नव्यानं पोरगा मरायचा त्यांचा. शेवटी मनोजनं, माझ्या नवऱ्यानं, फोटो काढून कपाटात साड्यांखाली ठेवला.

मग त्यांनी मशीनचा ध्यास घेतला. "मशीन कुठं हाय? शाळा उघडायच्या आत पाढ्याचा प्रोग्राम झाला पायजे." सकाळ-संध्याकाळ तेच. मी ऑफिसात शोधाशोध केली, तर असा एक प्रोग्राम सापडला जो आपल्या लॅपटॉपच्या आत ती जुनी मशीन असल्याचं हुबेहूब सोंग घेतो. एम्युलेटर म्हणतात त्याला. लॅपटॉप वायरनं टीव्हीला जोडला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, सुरू होतानाचा तो टूं आवाज. आवाज ऐकला आणि बाबा ताठ बसले.

"बाई, बैसा," म्हणाले. "सांगतो ते टाका."

मी बसले. ते सांगत गेले, मी टाकत गेले. कुठं अडले तर आईनं जपून ठेवलेला, त्याच प्रोग्रामचा, दोन्ही कडांना भोकं असलेला जुना प्रिंटआऊट माझ्या मांडीवर होताच. चार-सहा ओळी झाल्या असतील, मी घाई केली, तर ते म्हणाले, "वर्षे, हळू. पळून नाही चालली मशीन."

वर्षे. कित्येक महिन्यांनी. मी तिकडं वळून पाहिलं नाही, वाटलं पाहिलं तर जाईल. डोळे पुसायची सोय नव्हती, हात कीबोर्डवर होते. खोटं कशाला सांगू, मुलं झाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

तेव्हापासून दुपारी जेवायच्या सुट्टीत मी घरी यायची आणि आम्ही बसायचो. कूलर घरघरत असायचा. त्या तेवढ्या वेळात मी वर्षी असायची, उठले की बाई. पण प्रोग्राम काही पुरा होत नव्हता. निम्म्यावर आलो की त्यांची मान कलायची. दुसऱ्या दिवशी कालचं दाखवलं तर म्हणायचे, "हे कोणाचं चोरून आणलं? पयल्यापासून घे." पुन्हा पहिली ओळ. मला वाटायला लागलं, यांनी एकदा तरी तो प्रोग्राम पूर्ण चालताना पाहावा. मग काय व्हायचं ते होवो.

म्हणून मी डोकं चालवलं. ऑफिसात बसून सगळा प्रोग्राम लॅपटॉपवर टाइप करून ठेवला. कॉपी केला, एम्युलेटरमध्ये पेस्ट करायला गेले, तर काहीच उमटलं नाही. त्या जुन्या मशीनला पेस्ट म्हणजे काय ते माहीतच नाही, तिला फक्त बोटानं दाबलेली बटणं समजतात. मग मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. कॉपी केलेल्यातलं एकेक अक्षर उचलायचं आणि आत त्या अक्षराचं बटण दाबल्यासारखं करायचं, एवढंच तिचं काम. पहिल्यांदा इतकी जोरात पळाली, की मशीन अर्धी अक्षरं गिळून बसली. मग प्रत्येक अक्षरानंतर जरा थांबा टाकला, ओळ संपली की आणखी जरा. पडद्यावर पाहिलं तर कोणी तरी बसून टाइप करून राहिलं, असंच वाटायचं. मला माझंच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना टीव्हीसमोर बसवलं, स्क्रिप्ट चालू केली आणि वरण उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात गेले. मी बसायची ती खुर्ची रिकामी. पडद्यावर अक्षरं उमटत चाललेली.

तेवढ्यात बाबांचा आवाज आला, खणखणीत. "गज्या, दोनवर शिफ्ट! कितीदा सांगू तुले?"

मी पळत आले. पडद्यावर जिथं अवतरणचिन्ह पाहिजे तिथं चांदणीचं चिन्ह उमटलं होतं. जुन्या मशीनवर ते चिन्ह दोनच्या बटणावर असायचं, शिफ्ट दाबून. आताच्या कीबोर्डवर ते उजव्या हाताला असतं. मी हातानं टाकायची तेव्हा एम्युलेटर हा फरक आपणच सांभाळून घ्यायचा. स्क्रिप्ट बिचारी थेट आतलं उजवीकडचं बटण दाबत होती आणि जुन्या मशीनवर तिथं चांदणी आहे. आणि गज्याचीही नेमकी हीच चूक व्हायची. तो अकोल्याच्या एका क्लासमध्ये दुसऱ्याच मशीनवर शिकून आला होता, त्याचं बोट सवयीनं उजवीकडंच जायचं. दर वेळी चांदणी, आणि दर वेळी बाबांची टपली. हे मला दारातून दिसायचं. मी विसरून गेले होते.

बाबा नाही विसरले. रिकाम्या खुर्चीकडं पाहून हसत होते. मी वरणात पोळी कुस्करून ताट पुढं केलं, तर पडद्यावरची नजर न काढता सगळं खाल्लं. वर म्हणाले, "बाई, पोराले बी वाढा."

रात्री मनोजला सांगितलं. तो हारांसाठी फुलं निवडत बसला होता. म्हणाला, "जेवून राह्यले ना? मंग चालू दे ना."

"तुमाले काय जातं बोलाले," मी म्हटलं. "मी बसायची तेव्हा मले वर्षी म्हणत होते ते. आता मीच नाही त्या घरात."

तो फुलं निवडत राहिला.

मी हट्टी. दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि स्वतः खुर्चीत बसले. बाबा दाराकडं बघत राहिले. "बाई, उठा तिथून. पोराची जागा हाय थे." मी म्हटलं, बाबा, सांगा ना, मी टाकते. त्यांनी तोंड फिरवून घेतलं. त्या दिवशी पाण्याशिवाय काही पोटात गेलं नाही. त्यानंतर पुन्हा स्क्रिप्ट लावली, पण चूक दुरुस्त करून. म्हटलं, प्रोग्राम तरी बरोबर होऊ दे. अवतरणचिन्हं सरळ उमटत गेली. बाबा बघत होते, बघता बघता चेहरा उतरला. "हा आपला गज्या नाही," म्हणाले. "कोण बसलं हे? गज्या कुठं गेला?" उठले, खोल्या धुंडाळल्या, संडासाचं दार वाजवलं, भर उन्हात फाटकापर्यंत गेले. शेजारची आरती हाताला धरून घेऊन आली.

मी लॅपटॉप उघडला आणि चूक परत घातली. जाणूनबुजून. चांदणी टाकायची, बाबांना "दोनवर शिफ्ट" म्हणायला वेळ द्यायचा, मग चांदणी खोडून बरोबर चिन्ह टाकायचं. एवढ्या मन लावून मी आयुष्यात कोणतंच काम केलं नसेल. आणि इतका संतापही कधी आला नसेल, पण कोणावर काढणार. मेलेल्या भावावर?

परवा मात्र बाबा शेवटपर्यंत जागे राहिले. चांदणी आली की टपलीसारखा हात हलवायचे, खुशीत. शेवटची ओळ झाली. स्क्रिप्टनं प्रोग्राम चालू केला. पडदा कोरा झाला आणि वर इंग्रजीत प्रश्न आला, तुझं नाव काय. पाढे विचारायच्या आधी मुलांना नाव विचारायचं, ही बाबांचीच कल्पना.

स्क्रिप्टजवळ याचं उत्तर नव्हतं. मी ते लिहिलंच नव्हतं. नावाच्या जागी ठिपका उघडझाप करत होता. बाबा वाट पाहत होते. मी जेवणाच्या टेबलाशी त्यांच्या मागं बसले होते, लॅपटॉप माझ्यासमोर.

मी माझं नाव टाकलं. एकेक अक्षर, स्वतःच्या बोटानं. वर्षाली. पडदा म्हणाला, नमस्कार वर्षाली.

बाबांनी मान हलवली. "गज्या, चिडवू नको तिले," म्हणाले. "लहान हाय ती. सोताचं नाव टाक."

मी प्रोग्राम थांबवला, पुन्हा चालू केला. पुन्हा तोच प्रश्न. गजेंद्र टाकलं. नमस्कार गजेंद्र. बाबा मागं टेकून बसले, चेहऱ्यावर असं समाधान, की मला पाहवेना. मी ताट घेऊन त्यांच्याजवळ गेले. पहिला घास घेतला आणि पडद्याकडं बोट करून माझ्याकडं वळले.

"बाई, हा माया पोरगा. लय हुशार." मग पडद्याला म्हणाले, "गज्या, उद्यापासून वर्षीले बी बसव. दाराशी उभी राहते रोज, मी पाहतो ना. मीच हाकलतो तिले. दोनवर शिफ्ट असते, सांगजो तिले."

मी म्हटलं, "सांगते."

"तुमाले नाही म्हटलं, बाई," ते म्हणाले, आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.