सुरक्षित वाटतं का?

आमच्या गाईड सरांचं म्हणणं असं, की संशोधन प्रस्ताव लग्नपत्रिकेसारखा असावा. संसार पुढे कसा व्हायचा तो होवो, पत्रिका देखणी हवी. मी रत्नागिरीतच एमबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि विषयही सरांनीच दिलेला. एका कंपनीने सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून मिरकरवाड्याच्या मच्छीमारांना लाइफ जॅकेटं वाटली होती, त्या उपक्रमाचा परिणाम तपासायचा. हा विषय माझ्या वाट्याला आला तो काही माझ्या हुशारीमुळे नव्हे. माझे बाबा, गंगाराम, तिथल्याच एका ट्रॉलरवर तांडेल आहेत. बोट शेठची, पण एकदा बंदर सोडलं की सुकाणू आणि माणसं दोन्ही बाबांच्या हाती. वर्गातल्या बाकीच्यांना मासळी ठाऊक ती ताटात आल्यावरच.

उद्दिष्टं लिहून झाली, गृहीतक झालं, संदर्भसूची इकडूनतिकडून जमवली. घोडं पेंड खात होतं ते पूर्वचाचणीपाशी. प्रस्तावाबरोबर थोड्या लोकांची उत्तरं जोडायची होती, म्हणून मी प्रश्नावली घेऊन जेटीवर गेले. जॅकेट मिळालं का, याला सगळे हो म्हणाले. वापरता का, याला सगळे हसले. जॅकेटं होती, पण कार्यक्रमात मिळाली तशीच प्लास्टिकच्या पिशवीत, केबिनच्या छताला खोचून ठेवलेली. तपासणीला कोणी आलं तर दाखवायला बरी. अंगावर जॅकेट चढवून दर्यावर जायचं म्हणजे दर्याला आधीच कळवून ठेवायचं, की मी आज तुझ्यात पडणार आहे, असं आमच्याकडे मानतात. बाबाही मानायचे.

सरांना हे चालणार नव्हतं. उपक्रमाचा परिणाम शून्य, असा प्रस्ताव कुठली कंपनी जवळ करील, असं त्यांनी विचारलं. मग मी बाबांच्या मागे लागले. तुमच्या जिवाची काळजी म्हणून सांगते, असं मी म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतंच, पण अर्धी काळजी प्रस्तावाची होती हे मलाही कळत होतं. मी रुसले, दोन दिवस धड बोलले नाही, तेव्हा कुठे बाबांनी पिशव्या फोडायला लावल्या. तांडेलाने घातलं म्हटल्यावर खलाशांनीही घातलं. नारिंगी जॅकेटांतली ती सगळी मंडळी, छातीवर कंपनीचं चिन्ह, मी ओळीने उभी करून फोटो काढला.

सगळ्यांत हौसेने उभा राहिला तो महेंद्र. लांज्याकडच्या गावातला, मुंबईतलं काम सुटलं म्हणून पहिल्यांदाच बोटीवर आलेला, पोहता न येणारा. घरी बायको आणि रांगतं मूल. माझ्या प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न होता, जॅकेट घातल्यावर तुम्हाला सुरक्षित वाटतं का? त्यावर तो म्हणाला, आता रात्री झोप लागते, ताई. सरांना ते वाक्य इतकं आवडलं की प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर घे म्हणाले.

प्रस्ताव सादर करायच्या आदल्या दिवशी सकाळी बंदरात धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला. वारा रात्रीच फिरला होता. एकेक बोट आत यायला लागली, आमची काही येईना. आई ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन बसली, निवडलेलेच पुन्हा निवडत. मी तिला म्हटलं, अगं, आता जॅकेटं आहेत ना सगळ्यांच्या अंगावर. तिने मान हलवली. तिला खरंच थोडा धीर आला असावा, कारण मग ती उठून देवापुढे दिवा लावायला गेली.

मला मात्र मुखपृष्ठ करायचं होतं. कंपनीने मला फोटोसाठी म्हणून एक जॅकेट दिलं होतं. निळ्या पाण्यावर तरंगणारं नारिंगी जॅकेट छान दिसेल, असं माझ्या डोक्यात होतं. निळं पाणी कुठून आणणार? परसातल्या सिमेंटच्या टाकीच्या आतला रंग निळा आहे, तेवढ्यावर भागवायचं ठरवलं. जॅकेट टाकीत सोडलं, ते ऐटीत तरंगलं, आणि नेमकी तेव्हा माझ्या मोबाइलची बॅटरी संपली. तो चार्जिंगला लावून मी भात टाकला, आमटीला फोडणी दिली, आणि मोबाइल जरा भरल्यावर परत टाकीपाशी आले.

टाकीत जॅकेट नव्हतं. वाऱ्याने उडालं की काय म्हणून मी कुंपणापर्यंत बघून आले. मग वाकून पाहिलं तर ते तळाशी होतं. पट्टे वर करून, शांत, तळाला टेकलेलं.

काठीने ओढून ते वर काढलं तर ओल्या गादीएवढं जड. शिवण उसवून आत बोट घातलं तर आतला स्पंज पाणी पिऊन टम्म झालेला. भात शिजायला लागतो तेवढा वेळ ते तरंगलं होतं, पुढे नाही. आणि तसलंच जॅकेट बाबांच्या अंगावर होतं, मी हट्टाने घालायला लावलेलं. आजवर बाबा निदान आपल्या हातापायांच्या भरवशावर होते.

आईला काय सांगणार? तिला आत्ताच तर मी जॅकेटाचा धीर दिला होता. ते ओलं धूड परसातल्या चिंचेमागे लपवलं आणि जेटीकडे धावत सुटले. बाबांचा फोन लागत नव्हता. वाटेत फोन वाजला तो सरांचा, मुखपृष्ठ अजून का आलं नाही म्हणून. मी धापा टाकत सगळं सांगितलं, की सर, जॅकेट बुडतं. सर समजावणीच्या सुरात म्हणाले,

"हे बघ दीपाली, आपण मॅनेजमेंटची माणसं. जॅकेट तरंगतं का, हे बघणारे दुसरे आहेत. आपण लोकांचं समाधान मोजतोय. त्यांना सुरक्षित वाटतंय ना? मग आपला प्रस्ताव बरोबर आहे."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी फोन कापला. एरवी माझी काही हिंमत झाली नसती.

मिरकरवाड्याला मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात वायरलेसचा सेट आहे. तिथे शेठ बसले होते, एकटेच, चहा समोर थंड झालेला. बोट त्यांची, आणि जॅकेटं आणायला कंपनीकडे खेपा घातल्या होत्या त्याही त्यांनीच. मी सांगितलेलं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, की माणसं आत्ता लाटांत आहेत, त्यांना हे आत्ताच सांगायचं? अंगावर आहे त्याचा भरवसा काढून घेतलास तर बुडायच्या आधी भीतीने मरतील. आत येऊ देत, मग बोलू.

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटत होतं. पण डोळ्यांपुढून टाकीचा तो तळ हलत नव्हता. कोणी जॅकेटाच्या जोरावर बोटीच्या कडेशी उभा राहिला, कोणी कोणाला वाचवायला पाण्यात उडी टाकली, तर? मी हात जोडले. शेठनी माझ्याकडे पाहिलं आणि माइक माझ्यापुढे सरकवला.

बराच वेळ नुसती खरखर. बाकीच्या बोटी आत आलेल्या, त्यांचे सेट बंद. मग एकदम बाबांचा आवाज आला, वाऱ्याने तोडलेला.

"बाबा, मी दीपाली. जॅकेट पाणी पितं. बुडतं ते. त्याच्या भरवशावर राहू नका."

मी पुन्हा सांगितलं. मग बाबा एवढंच म्हणाले, "ऐकलं गो, बाय," आणि संपर्क तुटला.

त्यानंतरची दुपार मी कशी काढली ते मला नीट सांगता येणार नाही. जेटीवर बर्फाच्या पेट्यांच्या आडोशाला बसले होते. सांगितलं ते चूक की बरोबर, हेच डोक्यात फिरत होतं. आता बोटीवर काय झालं असेल? सगळ्यांनी जॅकेटं फेकली असतील, घाबरून एकमेकांना धरून बसले असतील, सुकाणू सोडून बाबा त्यांना आवरत असतील. देव तारी त्याला कोण मारी, असं शेजारची मासेवाली मथुरामावशी म्हणत होती, पण तिचाही आवाज खाली गेला होता. ऑफिसच्या दारात शेठ उभे होते. आत जात, पुन्हा बाहेर येत.

ऊन उतरायला लागलं तेव्हा कोणीतरी बोट दाखवली. सगळे कडेला धावले. बोट एका अंगाला कललेली, जाळं गेलेलं, पण माणसं दिसत होती. आणि सगळी नारिंगी. एकानेही जॅकेट काढलं नव्हतं.

मला कळेचना. बोट लागली, खलाशी एकेक करून वर आले, बायकांनी मिठ्या मारल्या. बाबा शेवटी उतरले, आणि माझ्याकडे न बघता दोर बांधायला वाकले. त्यांचंही जॅकेट अंगावर होतं, छातीशी घट्ट आवळलेलं.

महेंद्र गर्दीतून थेट माझ्याकडे आला. त्याने हात जोडले.

"ताई, तुमच्यामुळं आज पोराचं तोंड बघणार. लाटंनं मला पार कडेला नेलं होतं. कंबरेला दोर होता म्हणून आत राहिलो, पण जीव थाऱ्यावर राहिला तो ह्याच्यामुळं." त्याने जॅकेटावर हात ठेवला. "आम्ही हाय खाल्ली होती. तांडेल म्हणाले, माझ्या पोरीचा आत्ताच वायरलेस आला. तिनं घरी पाण्यात घालून बघितलंय. ह्याच्यात माणूस बुडत नाय."

बाबांनी खोटं सांगितलं होतं. माझं नाव घेऊन, मी सांगितलं त्याच्या अगदी उलटं.

भोवती गर्दी जमली होती. दुसऱ्या बोटीचा तांडेल आपल्या माणसांना सांगत होता, की उद्या पहिलं काम, पिशव्या फोडायच्या. मथुरामावशी आपल्या नवऱ्याला म्हणाली, ऐकलंस ना, आता तुझी नाटकं नकोत. जो तो माझ्याकडे कौतुकाने बघत होता. गंगारामची पोरगी शिकली, त्याचं सोनं झालं म्हणे. सरांना हवा होता तो परिणाम तिथे उभा होता, शंभर टक्के.

आणि मला सकाळपेक्षा जास्त भीती वाटली. सकाळी एका बोटीची भीती होती. आता अख्खं बंदर उद्यापासून ते अंगावर चढवून, निर्धास्त मनाने दर्यावर जाणार होतं. बोलायला हवं होतं, आत्ताच. पण बोलले तर बाबा सगळ्यांसमोर खोटे पडणार. तांडेलाच्या शब्दावर माणसं जीव ठेवून बोटीत चढतात. तो शब्द खोटा निघाला, तर पुन्हा त्यांच्या हाताखाली कोण चढेल? तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. मी शेठकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघायला लागले. माझ्या तोंडातून आवाज निघेना, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

बाबांनी दोराला शेवटची गाठ मारली आणि उभे राहिले.

"तिनं तसं सांगितलं नाय," ते म्हणाले. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तिनं सांगितलं, जॅकेट पाणी पितं, बुडतं. खोटं मी बोललो."

खलाशांतला एक जुना माणूस म्हणाला, "म्हणून आमाला दोरानं बांधलंस?"

बाबांनी मान हलवली. "खरं सांगितलं असतं तर तुमी हातपाय गाळून जागच्या जागी बसला असता. आणि मी माझं काढलं असतं तर तुमाला कळलं असतं. म्हणून घालून राहिलो." ते खलाशांकडे वळले. "एवढा मी कधी भ्यालो नव्हतो. उद्या कोणाला माझ्याबरोबर यायचं नसंल, तर नको."

मी महेंद्रकडे पाहिलं. त्याचा हात अजून छातीवर होता. त्याने तो हळूच उचलला, ओल्या जॅकेटाचं टोक मुठीत धरून पिळलं, आणि त्यातून पाण्याची धार लागली. ती थांबेचना. तो त्या धारेकडे बघत राहिला, आणि मग भर दर्यात जो माणूस उभा राहिला होता, तो कोरड्या जमिनीवर लटपटायला लागला. आधी गुडघे, मग सगळं अंग. तो खाली बसला आणि जॅकेट ओरबाडायला लागला, पण बक्कल काही केल्या सुटेना.

मी त्याच्यासमोर खाली बसले. दोघांनी मिळून ते कसंबसं काढलं.