कॉपर लेन आता लंगडत नाही

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, किलब्रॅकनच्या चर्चच्या हॉलमागच्या अंगणात, कॉपर लेन नावाचा घोडा वीस पावलं दुडक्या चालीनं गेला, वळला आणि तसाच परत आला. एकदाही लंगडला नाही.

अंगणात दीडएकशे माणसं होती. निम्म्यांनी टोप्या काढल्या, उरलेल्यांनी छातीवर क्रूस काढला. गुरुवारी हाच घोडा तीन पायांवर उभा होता, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पुढच्या डाव्या पायामागची शीर सुजून केळ्याएवढी झाली होती. पशुवैद्यानं हात लावून सांगितलं होतं, "सहा महिने विश्रांती. शर्यत विसरा." आणि शर्यत तर येत्या शुक्रवारी होती. समुद्रापलीकडे, इंग्रजांच्या चेल्टनमला. गोल्ड कप. सव्वातीन मैल आणि बावीस उड्या.

"डोकं बघा, डोकं!" कुणीतरी ओरडलं. "तसूभर हलत नाही!"

किलब्रॅकनमध्ये सगळे डोकंच बघतात. दुखरा पाय जमिनीला टेकला की घोडा डोकं वर उचलतो, चांगला टेकला की खाली आणतो, हे इथली पोरं प्रार्थनेआधी शिकतात. डोकं हलत नाही म्हणजे घोडा धडधाकट. त्यावर वाद नाही.

घोड्याच्या शेजारी फेस्टस मल्केरिन उभा होता, दोन्ही तळवे आकाशाकडे करून. तरुणपणी घोड्यांच्या जत्रा पालथ्या घातलेला, सातव्या मुलाचा सातवा मुलगा. अशा माणसाच्या हाताला गुण असतो, असं या मुलखात मानतात.

"मी कोण? मी कुणीच नाही," तो सांगत होता. "हे हात माझे नव्हेत, मला वापरायला दिलेत. माझ्या आजोबांनी बिशपची आंधळी गाढवी डोळस केली, आणि तिनं पहिल्यांदा बघितलं ते बिशपलाच. बिचारी पुन्हा डोळे मिटून बसली! हसा, हसा. पण पैसे देऊ नका. मी पैशाला शिवत नाही. आभारही मानू नका, आभार मानले की गुण उतरतो."

फाटकाशी त्याचा पुतण्या विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या विकत होता. पैसे हाताला चालत नव्हते, बाटलीला चालत होते.

ग्रॉन्या टूही गर्दीच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. ती गावची नालबंद. वडिलांची भट्टी तिनं चालवायला घेतली त्याला बारा वर्षं झाली होती, आणि कॉपर लेनच्या चारही खुरांना तिनंच मंगळवारी नाल ठोकली होती. तिला आनंद व्हायला हवा होता. तिचा धाकटा भाऊ कहल याच घोड्यावर बसणार होता. पण तिचा पाय सारखा जमिनीवर ठकठकत होता. घोड्याच्या टापांत काहीतरी खटकत होतं. ताल बरोबर होता, पण घाई होती. तापल्या तव्यावर चालावं तशी.

"दोन वाजता तू कुठं होतीस?" शेजारच्या मिसेस कुसॅकनी विचारलं. "आम्ही सगळे तबेल्याबाहेर जपमाळ म्हणत होतो. फेस्टसनं सांगितलं होतं, खड्या आवाजात म्हणा, आवाज पडला की गुण पडतो. आणि आत कुणी डोकावायचं नाही. पाऊण तास, बाई! घसा बसला माझा."

"आत तो एकटाच?"

"तो आणि देव."

मग सगळे हॉलमध्ये गेले. दरवर्षी चेल्टनमच्या आधी गावोगाव अशी बैठक होते. व्यासपीठावर जाणती माणसं बसतात आणि कोण जिंकणार यावर भांडतात, चहा-सँडविच असतं, जमलेला निधी हॉलच्या छपराला जातो. यंदा व्यासपीठावर एक निवृत्त जॉकी, एक सट्टेवाला, घोड्याचा प्रशिक्षक लोर्कन डेव्हनी आणि कहल होते. सूत्रं शाळेच्या मास्तरांकडे.

"किंग्जमीडपासून सुरू करू," मास्तर म्हणाले. "इंग्रजांचा लाडका."

"बैलाची ताकद," निवृत्त जॉकी म्हणाला. "पण उडी मारताना उजवीकडे सरकतो. चेल्टनमचं मैदान डावीकडे वळतं. प्रत्येक उडीला दोन हात जमीन फुकट घालवणार."

"सिल्व्हर स्टाइल?"

"फ्रान्सचा तो करडा? शेवटचा चढ येईपर्यंत सगळ्यांच्या पुढे. चढावर त्याला आठवतं की आपल्याला घरी काम आहे."

हशा पिकला.

"लेडी इनी घोडी आहे, तिला पाठीवरचं सात पौंड वजन माफ," सट्टेवाला म्हणाला. "पण तिला चिखल लागतो. हवामानखातं म्हणतंय, कोरडं."

"म्हणजे मग उरला कोण?" मास्तरांनी नाटकी विराम घेतला आणि हॉलनं छप्पर उडवलं. ज्या छपरासाठी निधी जमवत होते तेच.

लोर्कन उठला. साठी उलटलेला माणूस, त्याच्या तबेल्यातले निम्मे कप्पे दोन वर्षं रिकामे. "डिसेंबरात आमचा तिसरा आला. पण शेवटच्या उडीनंतर सगळ्यांत ताजा तोच होता. चढ त्याला आवडतो. गुरुवारी मी संपलो होतो. आज..." त्यानं फेस्टसकडे हात केला. पुढचं टाळ्यांत बुडालं.

कहल हसत होता. पंधरा वर्षांत ग्रॉन्यानं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिला मात्र बसवेना. तिच्या डोळ्यांपुढे एकच उडी येत होती, उतारावरची. तिथं घोडा वेगानं खाली येतो आणि उतरताना सगळा भार क्षणभर एकाच पुढच्या पायावर पडतो. तो पाय डावा असला तर? शीर तुटली तर कहल घोड्याच्या पुढे पडणार, आणि मागून दहा घोडे येणार.

ती उठली आणि अंगणात गेली.

अंगणातली वाळू सकाळीच विंचरलेली होती. टापांचे ठसे स्वच्छ उमटले होते. तिनं पिशवीतली कानस काढली आणि एकाच खुराच्या दोन ठशांमधलं अंतर मोजलं. नवी नाल ठोकली की ती प्रत्येक घोड्याची चाल अशीच मोजते, वडिलांची शिकवण. मंगळवारी आठ कानशी भरली होती. आज जेमतेम साडेसहा.

घोडा भिंतीजवळच्या फरशीवर खुंटीला बांधलेला होता. तिनं डावा पाय उचलला. खिळे तिचेच. उजवा उचलला. खिळ्यांची वाकवलेली टोकं ती नेहमी गोल घासते. इथं दोन टोकं चौकोनी होती.

दुखणं डाव्या पायाला, आणि खिळे बदलले होते उजव्याचे.

"ग्रॉन्या! हात लावू नकोस त्याला!" कहल दारात उभा होता.

"का? गुण उतरेल?"

"चेष्टा नको. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांचे उरलेसुरले घोडे चालवले. चिखल खाल्ला, दोनदा गळ्याजवळचं हाड मोडलं. आता एक घोडा मिळालाय."

"आणि शुक्रवारी चौघांच्या खांद्यावरून घरी येशील."

"तू आई नाहीस माझी."

"नाही. आई असती तर तुला कानाला धरून नेलं असतं. मी फक्त विचारते. ही नाल मी ठोकलेली नाही. कुणी ठोकली?"

त्यानं वाकून खूर पाहिला.

आवाज ऐकून माणसं बाहेर येऊ लागली. लोर्कन पुढे, फेस्टस त्याच्या मागे. "काय चाललंय?" लोर्कननं विचारलं.

"लोर्कन, मला तुमची दहा मिनिटं द्या," ग्रॉन्या म्हणाली. "आणि मला दोन खडे हवेत." ते तिनंच वाटेवरून उचलले. "कहल, डावा बूट काढ. हा आत टाक. घाल. चाल."

कहलनं तिच्याकडे रागानं पाहिलं, पण दीडशे माणसं बघत होती. त्यानं बूट घातला आणि चालला. चांगलाच लंगडला.

"अरे कहल, लग्नाआधीच म्हातारा झालास की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आता हा दुसरा उजव्या बुटात. चाल."

तो चालला. पावलं आखूड पडली, घाईची, पण डावं-उजवं सारखं. खांदे सरळ. लंगडणं गेलं.

हसणं थांबलं.

"मास्तर, लंगडतोय का तो?"

"नाही," मास्तर हळूच म्हणाले.

"बरा झाला?"

उत्तर कहलनं दिलं. तो अंगणाच्या मध्यावर उभा होता, चेहरा उतरलेला. "दोन्ही दुखतायत," तो म्हणाला.

ग्रॉन्यानं पक्कड लावली, खिळे उपटले आणि उजवी नाल काढली. खुराच्या तळव्यात, नाल बसते तिथं आत सरकवलेला, हरभऱ्याएवढा पांढरा खडा खळकन फरशीवर पडला. तिनं तो सगळ्यांना दाखवला, मग तीच नाल नीट परत ठोकली. "चालवा आता."

लोर्कननं स्वतः दोर धरला. घोडा दुडकत निघाला. डावा पाय टेकला, डोकं वर. उजवा टेकला, डोकं खाली. वर, खाली. वर, खाली. पाच पावलांत लोर्कन थांबला.

"मी सांगितलं होतं!" फेस्टसचा आवाज चढला. "लोखंड लागलं की गुण उतरतो. हिनं बरा झालेला घोडा मोडला!"

"लोखंड दोन वाजताच लागलं," ग्रॉन्या म्हणाली. "हातोडीशिवाय खिळा जात नाही. मिसेस कुसॅक, आतून ठकठक ऐकू आली?"

"आम्ही इतक्या मोठ्यानं म्हणत होतो," मिसेस कुसॅक म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा बदलला, "आमचं आम्हालाच ऐकू येत नव्हतं गं."

"ही जत्रेतल्या घोड्यांच्या दलालांची जुनी चाल आहे, माझ्या वडिलांनी सांगितलेली. एका पायानं लंगडणारा घोडा विकायचा असला की दुसऱ्या पायालाही तेवढंच दुखवायचं. मग डोकं हलत नाही. घोडा बरा होत नाही, दोन्ही पायांनी लंगडा होतो. फेस्टस, तुमच्या तरुणपणी तुम्ही कुठल्या दलालाकडे होतात?"

फेस्टसनं तळवे पुन्हा आकाशाकडे केले. "मी पैसे घेतले का? एक तरी नाणं?"

"घेतले नाहीत!" गर्दीतून आवाज आला. "खडा वाटेतला असेल! आपणच घुसला असेल!"

"आणि खिळे आपणच बदलले?" दुसऱ्यानं विचारलं. "आणि टोकं आपणच वाकली? वा रे खडा!"

भांडण जुंपलं. अर्धं अंगण एकीकडे, अर्धं दुसरीकडे. पुतण्याच्या दोन-तीन बाटल्या परत आल्या, पण काही नव्यानंही गेल्या.

ग्रॉन्या व्यासपीठावर चढणारी बाई नव्हती. ती भिंतीजवळच्या एका खोक्यावर उभी राहिली. "तुम्हाला घोडा कळत नाही म्हणून तुम्ही फसला नाहीत," ती म्हणाली. "कळतो म्हणून फसलात. त्याला माहीत होतं तुम्ही डोकंच बघणार, पाय बघणार नाही. मला कुणाच्या प्रार्थनेशी भांडायचं नाही. मीही करते. पण जो उपचार डोळ्यांसमोर होत नाही, ज्याला दार बंद लागतं आणि बाहेर गोंगाट लागतो, तिथं दार उघडा. आत जाऊन बघा. देवाला बघितल्याचा राग येत नसतो. राग ज्याला येतो, त्याला विचारा का येतो. आणि घोडा लंगडला तर वैद्याचं ऐका. त्यानं गुरुवारी सांगितलं होतं, पण ते फुकट गेलं, कारण त्याचं बोलणं तुम्हाला आवडलं नाही."

कहल बूट काढून फरशीवर बसला होता, दोन खडे हातात घेऊन. लोर्कन त्याच्याजवळ आला. "तो खडा खुपत होता म्हणून डोकं हलतंय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दोन दिवसांत ओसरेल. ओसरेल ना रे?"

कहलनं वर पाहिलं. "खडा उजव्यात होता, लोर्कन. मान डावा टेकला की उडतेय."

लोर्कन घोड्याकडे गेला.

सोमवारी सकाळी पशुवैद्यानं पाय पुन्हा तपासला आणि लेखी दिलं, शीर आतून फाटलेली आहे. तरी त्याच दुपारी लोर्कनची घोडे वाहून नेणारी मोटारगाडी बंदराकडे निघाली आणि कॉपर लेन तिच्यात होता. मंगळवारी ग्रॉन्यानं चेल्टनमच्या मैदानावरच्या वैद्यांना फोन केला. शर्यतीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, ते सगळे घोडे चालवून बघतात. तिनं त्यांना एवढंच सांगितलं की फक्त डोकं बघू नका, पावलांची लांबीही मोजा. समोरच्यानं घोड्याचं नाव लिहून घेतलं. फेस्टसला शेजारच्या परगण्यातल्या दोन तबेल्यांनी बोलावल्याचं कळतं.

बुधवारी सकाळी दहा वाजता गोल्ड कपच्या घोड्यांची पक्की यादी लागली. बारा नावं होती. कॉपर लेन अकराव्या क्रमांकावर होता. त्याच्यापुढे जॉकीचा रकाना कोरा होता. तो भरायची मुदत दुपारी एकपर्यंत आहे. कहल सकाळी सातला घराबाहेर पडला, सांगून गेला नाही. पावणेबारापर्यंत ग्रॉन्यानं त्याला नऊ फोन केले. तो उचलत नाही.